धोकटीपासून टॅनिंग बेडपर्यंत

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासपर असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस सूचना केली. तेव्हा प्रतापगडावरील जिवा महाला, पन्हाळगडावरील शिवा काशीद, अथवा १९४३ साली सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांपैकी कोणाचे तरी चरित्र लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु या थोर पुरुषांच्या कथा आपल्या घरोघरी मुलाबाळांस तोंडपाठ आहेत. उलट, ज्या साधनांवर आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी पोट भरले, त्या साधनांचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. म्हणून या लेखात आम्ही माणसांऐवजी साधनांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

यास एक निकडीचे कारणही आहे. भिवंडी, कल्याण, ठाणे या बाजूंस सलून चालविणारे आपले तरुण देवीच्या दर्शनास वज्रेश्वरीस येतात, तेव्हा धंद्याच्या गोष्टी निघतात. कोणते यंत्र घ्यावे, कोणते घेऊ नये, कर्ज किती काढावे, असे प्रश्न ते वडीलधाऱ्यांपुढे ठेवतात. त्यांत अलीकडे एका यंत्राचे नाव कानी येऊ लागले आहे. ते म्हणजे टॅनिंग बेड. आपल्याकडे हे यंत्र अद्याप क्वचितच दृष्टीस पडते, म्हणून वाचकांसाठी त्याचे वर्णन करतो. माणूस सुखाने निजू शकेल एवढी लांब, शिंपल्यासारखी उघडमीट होणारी ही पेटी असते. तळाशी व झाकणात दिव्यांच्या लांब नळ्या ओळीने बसविलेल्या असतात आणि गिऱ्हाईक पारदर्शक ॲक्रिलिकच्या पत्र्यावर दहावीस मिनिटे निजते. त्या दिव्यांच्या किरणांनी गोरी कातडी रापते व तिला तांबूस-तपकिरी वर्ण येतो. पाश्चात्त्य देशांत हा वर्ण सौंदर्याचा मानला जातो. हे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते, हा प्रश्न वरवर बाजारभावाचा दिसतो. तथापि त्याचे खरे उत्तर आपल्या धंद्याच्या इतिहासातच सापडते, असे आमचे मत आहे.

धोकटीचा काळ

बलुतेदारीच्या काळात आपल्या धंद्याचे सारे भांडवल एका धोकटीत मावत असे. वस्तरा, कात्री, फणी, चिमटा, नखे काढण्याची नराणी, लहानसा आरसा, पाण्याची वाटी, वस्तऱ्यास धार लावण्याचा दगड व चामड्याचा पट्टा, एवढाच तो संसार. संत सेना महाराजांनी याच उपकरणांस आपल्या अभंगवाणीत परमार्थाच्या रूपकाचा मान दिला, हे सर्वश्रुत आहे. धोकटी काखेस मारून आपले पूर्वज घरोघर जात. वर्षाच्या शेवटी खळ्यावरून धान्याच्या रूपाने त्यांस बलुते मिळे. हजामतीबरोबर अंग रगडणे, तुंबडी लावणे, बाळाचे जावळ काढणे, लग्नकार्यात मानाची कामे करणे, हीही त्यांच्याकडेच असत. युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. इंग्लंडमध्ये न्हावी व शस्त्रवैद्य यांची लंडनमधील संघटना १५४० पासून एकच होती. ती १७४५ साली विभक्त झाली. तात्पर्य, वस्तरा चालविणारा हात व रोग्याची शुश्रूषा करणारा हात हे पूर्वी पूर्वेस व पश्चिमेस एकाच माणसाचे होते.

या धंद्याचा एक विशेष वाचकांनी ध्यानात घ्यावा. सुताराकडे लाकूड जाते, कुंभाराकडे माती जाते. आपल्याकडे मात्र जिवंत माणूस येतो आणि डोळे मिटून आपली मान धारेखाली देतो. पाटील असो की कुळवाडी, त्या घटकेपुरता तो कारागिराच्या स्वाधीन असतो. म्हणून आपल्या धंद्याचे मूळ भांडवल विश्वास हे आहे, वस्तरा त्यानंतर येतो.

केशकर्तनालयाचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या निघाल्या, आगगाडी ठाण्याकल्याणावरून घाटापर्यंत गेली, आणि गावोगावचे आपले कारागीर पोटासाठी शहराकडे वळले. झाडाखाली बसणारे कारागीर कालांतराने गाळ्यात आले. गाळ्यावर 'केशकर्तनालय' अशी पाटी लागली. समोरासमोर आरसे, लाकडी खुर्ची, गिऱ्हाइकांसाठी बाक व बाकावर वर्तमानपत्र, असा थाट सुरू झाला. त्याच सुमारास अमेरिकेत सेंट लुईस येथील कोकेन यांच्या कारखान्याने तेलाच्या दाबाने वरखाली होणारी खुर्ची प्रचारात आणली. अशा खुर्च्या पुढे आपल्याकडेही आल्या. कारागिराची पाठ वाकायची थांबली आणि गिऱ्हाइकास मान टेकावयास जागा मिळाली. दोघांचेही हित साधणारे हे साधन होते, म्हणून ते टिकले.

यानंतर आलेल्या एका साधनाने मात्र धंद्याच्या पोटावरच पाय दिला. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांस १९०४ साली पाते बदलता येणाऱ्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हाती हा वस्तरा गेला व युद्ध संपल्यावर घरोघरी पोचला. माणसे घरीच दाढी करू लागली. परंतु काळाचा न्याय पाहा! ज्या पात्याने आपले गिऱ्हाईक पळविले, तेच पाते पुढे आपल्या कामी आले. १९८६ साली आपल्या देशात एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. एकच वस्तरा अनेकांस वापरल्याने हा विषाणू व 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू रक्तावाटे पसरण्याचा धोका डॉक्टर मंडळी सांगू लागली. तेव्हा सलूनांतून अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा आला आणि प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा दंडक झाला. ज्यांनी पट्ट्यावर धार लावण्यात आयुष्य घालविले, त्या जुन्या कारागिरांस हा बदल सहज मानवणारा नव्हता. तरीही समाजाने तो स्वीकारला. खर्च वाढला, कसब बाजूस राहिले, पण गिऱ्हाइकाचा जीव सांभाळला गेला.

नकाराचा इतिहास

साधन स्वीकारण्याचा इतिहास येथवर सांगितला. परंतु काम नाकारण्याचाही एक इतिहास आपल्या धंद्यास आहे, आणि तो अधिक तेजस्वी आहे. त्या काळी काही जातींत नवरा वारल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची क्रूर रूढी होती. हे काम आपल्याच हातून करवून घेतले जाई व त्याचे दाम मिळे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, त्या विचारांचे वारे शहरांतील कष्टकरी वर्गात शिरले होते. १८९० साली मुंबईतील आपल्या समाजबांधवांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असा निर्धार जाहीर केला. 'दीनबंधु' पत्राचे संपादक व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे त्यांस साहाय्य होते. हातावर पोट असलेल्या माणसांनी चालत आलेली कमाई सोडून दिली, ती एवढ्याचसाठी की, ज्या देहास आपण स्पर्श करतो त्याची विटंबना आपल्या हातून होऊ नये.

इतिहास लिहिणाऱ्याने मात्र दुसरी बाजूही झाकू नये. याच महाराष्ट्रातील अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या बांधवांची हजामत करण्यास आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या नकार दिला. गावगाड्याचे दडपण होते हे खरे, तरी तो अन्याय आपल्या हातूनच घडला. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली व १९५५ च्या कायद्याने असा नकार हा गुन्हा ठरला. या दोन नकारांतील भेद तरुणांनी नीट समजून घ्यावा. माणसाची जात पाहून दिलेला नकार हा कलंक होय. माणसाचे हित पाहून दिलेला नकार हे भूषण होय. आमच्या मते टॅनिंग बेडचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारात मोडतो. हे विधान केवळ भावनेने केलेले नाही. त्या यंत्राची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे ते पटेल.

सूर्य, ऊन आणि औषध

आपण वज्रेश्वरीचे लोक उष्णतेच्या गुणांस अपरिचित नाही. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीस नवस केला, १७३९ साली वसई हस्तगत झाली, आणि नवस फेडण्यासाठी वडवली येथील टेकडीवर किल्ल्यासारखा तट असलेले हे मंदिर उभे राहिले. परंतु मंदिराच्या पूर्वीपासून तानसा नदीच्या काठी, अकलोली व गणेशपुरी येथे, भूगर्भातून गंधकाच्या वासाचे ऊन पाणी वाहत आहे. काही झऱ्यांचे पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अकलोलीच्या कुंडांत एकास सूर्यकुंड असेच नाव आहे. सांधे धरलेली, कातडीच्या विकाराने गांजलेली माणसे येथे दूरदुरून स्नानास येतात. तथापि जाणते लोक कुंडात फार वेळ बसू देत नाहीत. उष्णता औषध आहे ती बेताने घेतली तर, हे ज्ञान येथील पोरासोरांसही आहे.

उन्हाचेही तसेच आहे. आपल्या देशात सकाळच्या कोवळ्या उन्हाचे महत्त्व फार पुरातन आहे. कोड असलेल्या रोग्यास बावचीचे औषध देऊन उन्हात बसविण्याची रीत आयुर्वेदास ठाऊक होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा शाळाशाळांतून प्रसार केला, तो जुन्या पिढीतील शिक्षकांच्या स्मरणात होता.

युरोपात मात्र ऊन दुर्मिळ. तेथे उन्हाची उणीव दिव्याने भरून काढण्याचा विचार निघाला, तो शुद्ध वैद्यकीय हेतूने. नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्याने कातडीच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केला व त्याबद्दल १९०३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली ऑगस्ट रोलिए याने स्वित्झर्लंडमधील लेझँ या डोंगरी गावी क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचे रुग्णालय काढले. १९१९ साली बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांस पाऱ्याच्या दिव्याच्या किरणांखाली ठेवून बरे केले. पहिल्या महायुद्धाच्या उपासमारीने वाकलेली मुलांची हाडे प्रकाशाने सरळ होतात, हे पाहून जग चकित झाले. या लाटेचा एक देखणा अवशेष आपल्या शेजारी गुजरातेत आहे. क्रिकेटपटू म्हणून विख्यात असलेले जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या प्रेरणेने जामनगर येथे १९३० च्या दशकात सोलॅरियम उभारले गेले. फ्रान्समधील डॉ. झाँ सेदमाँ यांच्या कल्पनेप्रमाणे बांधलेल्या या मनोऱ्याचा माथा सूर्याबरोबर फिरत असे व आतील रोग्यांवर दिवसभर किरण पडत. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर औषध मिळाले, आणि सूर्यचिकित्सेची रुग्णालये ओस पडली.

प्रकाशाचा उपचार म्हणून उपयोग आजही संपलेला नाही. कोड, सोरायसिस अशा विकारांवर त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक लांबीच्या लहरींचे अतिनील किरण देतात. शाळेच्या जुन्या पुस्तकांत यांसच जंबुपार किरण म्हणत. परंतु तेथे रोग असतो, डॉक्टर असतो, मात्रा मोजलेली असते. दवाखान्यातील दिवा सलूनमध्ये आला म्हणजे या तिन्ही गोष्टी गळून पडतात आणि केवळ हौस उरते.

हौसेचे यंत्र

ही हौस निर्माण कशी झाली, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपात पूर्वी गोरी पांढरी कातडी खानदानी समजली जाई, कारण उन्हात राबणारा शेतकरी काळवंडलेला असे. पुढे मजूर गिरण्यांच्या व खाणींच्या अंधारात गेला व फिका पडला. मग समुद्रकिनारी सुट्टी घालवून रापून येणे हे श्रीमंतीचे लक्षण झाले. १९२० च्या दशकात पॅरिसच्या फॅशनच्या जगाने ही हौस मिरविली. १९७० च्या दशकात जर्मनीतील फ्रीड्रिख वोल्फ हा खेळाडूंवर कृत्रिम प्रकाशाचे परिणाम पाहत असता त्यांची कातडी रापते असे त्यास आढळले, व त्याने निजून घेण्याच्या यंत्राचा धंदा उभारला. जुने दिवे कातडी लवकर भाजत. या नव्या नळ्यांत लांब लहरींचे 'ए' प्रकारचे किरण अधिक असल्याने ती तितक्या लवकर भाजत नसे. भाजत नाही म्हणजे अपाय नाही, अशी लोकांची समजूत झाली. ती खोटी होती. अतिनील किरणांनी कातडीच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा होते आणि त्या इजेपासून बचाव करण्यासाठी कातडी काळे रंगद्रव्य तयार करते. म्हणजे रापणे हे आरोग्याचे लक्षण नसून इजेची खूण आहे.

या इजेचा हिशेब पुढे आला. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून तज्ज्ञांनी दाखविले की, पस्तिशीच्या आत या बिछान्याचा वापर सुरू करणाऱ्यांस मेलानोमा या कातडीच्या घातक कर्करोगाचा धोका सुमारे ७५ टक्क्यांनी अधिक असतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही यंत्रे मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात घातली. त्याच वर्गात तंबाखूचा धूर आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी मेलानोमाने आजारी असता या यंत्रांविरुद्ध जाहीरपणे बोलली व २००७ साली वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी वारली. तिच्या बोलण्याने तो देश हलला. ब्राझीलने २००९ साली सौंदर्यासाठी या यंत्रांच्या वापरावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत २०१५ च्या आरंभापासून व पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१६ पासून हा धंदा बंद झाला. इंग्लंड व वेल्समध्ये २०११ पासून अठरा वर्षांखालील मुलांस त्यावर निजविण्यास मनाई आहे. ज्या देशांनी हे यंत्र प्रथम डोक्यावर घेतले, त्यांतील कित्येकांनी ते असे खाली उतरविले आहे.

आपल्या मातीतील हिशेब

कोणी म्हणेल, आपली कातडी सावळी, तिला गोऱ्यांइतका धोका नाही. यात तथ्य आहे. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य हे निसर्गदत्त कवच असून आपल्याकडे कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने कमी आढळतो. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. शिवाय याच किरणांनी डोळ्यांत मोतीबिंदू होण्यास हातभार लागतो, कातडी अकाली सुरकुतते आणि चेहऱ्यावरील वांग अधिक गडद होतात. आपल्या भगिनी ज्या वांगांवर उपाय विचारीत आपल्या दुकानी येतात, ते वांग वाढविणारे यंत्र आपणच दाम मोजून आणावे, यास काय म्हणावे?

दुसरे असे की, हे यंत्र जे विकते ते आपल्याकडे आकाशातून फुकट पडते. युरोपातील नियमाप्रमाणे त्वचा भाजण्याच्या शक्तीने मोजता या यंत्राच्या किरणांची तीव्रता चौरस मीटरला ०.३ वॅटपेक्षा अधिक असू नये. हवामानशास्त्राच्या अतिनील निर्देशांकात हे प्रमाण १२ होते. वज्रेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या दिवसांत भर दुपारी निरभ्र आकाशाखाली आपल्या भागाचा निर्देशांकही अकरा-बाराच्या घरात जातो. म्हणजे त्या उन्हात भात-भाजीच्या शेतावर राबणाऱ्या आपल्या मायबहिणी जे ऊन डोक्यावर पदर घेऊन चुकवितात, तेच पेटीत बंद करून आपण विकणार!

आणि आपल्या गिऱ्हाइकांची मागणी तर याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे गोरेपणाचे वेड आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकावा लागला, तरी वेड ओसरलेले नाही. सलूनमध्ये रापलेपण घालविण्याचे लेप लावून घेण्यास रांगा लागतात. गोऱ्यांस सावळे व्हावयाचे आहे, सावळ्यांस गोरे. आणि दोघांच्याही असमाधानावर बाजार चालला आहे. येथे आमचा इशारा केवळ यंत्रापुरता नाही. गोरे करण्याच्या काही मलमांत पारा वा स्टेरॉइड असते. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात व स्टेरॉइडने कातडी पातळ होते. डबीवर घटकांची नावे व उत्पादकाचा पत्ता नसेल, तर तिचे झाकणदेखील दुकानात उघडू नये.

निवडीची कसोटी

आता पैशाचा विचार करू, कारण तरुणांचा प्रश्न तेथून सुरू होतो. या बिछान्यात साधारणतः २४ ते ४० नळ्या, प्रत्येकी १०० वॅटच्या किंवा अधिकच्या असतात. म्हणजे यंत्र चालू असता अडीच ते चार किलोवॅट वीज जाते. त्याच्या उष्णतेसाठी पंखे व वातानुकूलन निराळे. काहीशे तास चालल्यावर नळ्यांची शक्ती घटते व त्या बदलाव्या लागतात. दोन मीटर लांबीच्या पेटीस स्वतंत्र बंद खोली लागते. जेवढ्या जागेत हे यंत्र बसते तेवढ्यात दोन खुर्च्या राहतात आणि त्या खुर्च्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस बसतो. २०२० सालचा कठीण काळ कोणी विसरू नये. मार्च महिन्यात दुकाने बंद झाली, ती महाराष्ट्रात जूनच्या २८ तारखेस उघडली. तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती, दाढी व त्वचेची कामे वगळून. त्या दिवसांत कात्री व फणीने घर चालले. यंत्रांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. कर्ज काढून घेतलेले साधन संकटात आपल्या पाठीशी उभे राहील की पाठीवर बसेल, हे आधी पाहावे.

मग रापलेल्या वर्णाची खरी गरज कोणास आहे? आपल्या भागात एक वर्ग आहे, तो म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारी व्यायामशाळेतील मुले. व्यासपीठावरील प्रखर दिव्यांत स्नायूंचे उठाव दिसावेत म्हणून ती अंगास गडद रंग लावतात. त्यांच्यासाठी किरणांची आवश्यकता नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विट्गेनस्टाइन या संशोधिकेस आढळले की, डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाचे साखरेसारखे द्रव्य कातडीवर सांडल्यास तेथे तपकिरी डाग पडतो. हा रंग कातडीच्या वरच्या मृत थरासच चढतो व थोड्या दिवसांत निघून जातो. तो लावण्यास लहानसा फवारा व खेळती हवा पुरे. फवारताना डोळे, नाक व ओठ झाकावेत, रंग श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, आणि हा रंग उन्हापासून रक्षण करीत नाही हे गिऱ्हाइकास सांगावे. भिवंडी-कल्याणच्या दुकानदाराने ही सेवा ठेवली तर गरजही भागते व कोणाच्या कातडीस अपाय होत नाही.

अतिनील किरणांचे एक साधन मात्र सलूनमध्ये खुशाल असावे. कात्र्या-फण्या ठेवण्याची निळ्या दिव्याची पेटी ती हीच. जे किरण माणसाच्या अंगावर नकोत, ते हत्यारांवरील जंतूंवर पडू द्यावेत. तेथेही विवेक हवा. केस व तेल चिकटलेली कात्री नुसती पेटीत ठेवून शुद्ध होत नाही. ती आधी साबणाने धुवावी, जंतुनाशकात बुडवावी, आणि उष्णता सोसणारे हत्यार वाफेच्या दाबाच्या यंत्रात घालावे. पेटी ही स्वच्छ केलेले हत्यार स्वच्छ राखण्यासाठी आहे.

या सर्व विवेचनावरून नव्या साधनाची परीक्षा करण्यासाठी चार प्रश्न आम्ही तरुणांपुढे ठेवतो. पहिला, याची गरज गिऱ्हाइकास आहे की विक्रेत्यास? दुसरा, याने होणारी इजा आपल्यास डोळ्यांनी दिसते काय? वस्तऱ्याची जखम तत्क्षणी दिसते व तुरटीने थांबविता येते. किरणांची जखम वीस वर्षांनी दिसते व तेव्हा आपण जवळ नसतो. तिसरा, उद्या गिऱ्हाईक घटले तर हप्ता कोठून भरणार? आणि चौथा, आपल्या स्वतःच्या मुलीस या यंत्रात आपण निजवू काय? या चारही प्रश्नांस समाधानकारक उत्तर मिळेल ते साधन परदेशी असो की देशी, महाग असो की स्वस्त, अवश्य घ्यावे. जिलेटचे पाते आपण घेतलेच, तेलाच्या दाबाची खुर्ची घेतली, विजेची कात्री घेतली. नवे म्हणून नाकारणे हा आपला बाणा कधीच नव्हता. टॅनिंग बेड मात्र या कसोटीस उतरत नाही. कायद्याने आपणांस मनाई केलेली असो वा नसो, ते आपण होऊन नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८९० साली ज्यांनी वस्तरा खाली ठेवला, त्यांस कोणत्याही सरकारने तसे करण्यास सांगितले नव्हते. त्यांच्याजवळ आपल्यासारखी भव्य दुकाने नव्हती, शिक्षण नव्हते, शिल्लक नव्हती. तरीही कोणते काम आपल्या हातून होऊ द्यावयाचे नाही, हे त्यांनी ठरविले व समाजाची मान उंचावली. आज आपली मुले-मुली शिकलेली आहेत, रसायनांची नावे वाचू शकतात, यंत्रांची माहितीपत्रके समजू शकतात. त्यांच्या हाती कात्रीबरोबर हे ज्ञानही शोभावे, आणि जो कोणी त्यांच्या खुर्चीत बसून निर्धास्तपणे मान टेकवील, तो उठताना तितकाच निर्धास्त उठावा, एवढीच देवी वज्रेश्वरीच्या चरणी आमची प्रार्थना आहे.